ताटावर ११४, कामावर ४९ : फ्रॉस्टपंकमधल्या एका उपासमारीचा पंचनामा

चौदाव्या दिवशी संध्याकाळी स्क्रीनच्या वरच्या पट्टीत दोन आकडे शेजारी शेजारी उभे होते. कच्चं अन्न ३३, शिजवलेलं अन्न ०. शहरात ११४ माणसं, त्यातली ४१ त्या दिवशी न जेवता राहिलेली. कोठारात शिकार पडून होती आणि ती शिजवायला भटारखान्यात धड हात नव्हते. मी गेम थांबवला आणि वहीची मागची पानं उलटायला लागलो.

वहीचं आधी सांगतो. फ्रॉस्टपंक खेळताना मी दर सकाळी पॉज करून चार-पाच आकडे लिहून ठेवतो : डोकी, आजारी, प्रत्यक्ष कामावर असलेले शिकारी, शिजवलेलं अन्न, कोळसा. सवय वेडगळ आहे, पण तिच्यामुळेच हे प्रकरण उलगडलं. नाहीतर ‘अन्न कमी पडलं’ एवढंच लक्षात राहिलं असतं, आणि ते खरं नव्हतं.

ज्यांनी हा गेम खेळलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. पोलंडच्या ११ बिट स्टुडिओजने २०१८ मध्ये तो काढला. काळ १८८६ चा, पण कल्पनेतला : जग गोठलंय, लंडनहून निघालेली थोडी माणसं उत्तरेला एका खड्ड्यात पोचली आहेत आणि खड्ड्याच्या मधोमध कोळशावर चालणारा एक प्रचंड जनरेटर आहे. उबेचं मूळ तेच. त्याच्याभोवती गोल गोल कड्यांमध्ये शहर वसवायचं. तुम्ही कॅप्टन. लोकांची आशा आणि लोकांचा असंतोष असे दोन मापक खाली सतत डोळ्यांसमोर असतात. असंतोष काठोकाठ भरला की लोक मुदत देतात, आणि मुदतीत तो उतरला नाही की कॅप्टनची हकालपट्टी.

माझा डाव ‘अ न्यू होम’ या पहिल्या मोहिमेतला, मध्यम अवघडपणावर. सुरुवातीला ८० माणसं : ५० कामगार, १५ इंजिनिअर, १५ मुलं.

कागदावर बरोबर असलेला हिशेब

अन्नाचं गणित या गेममध्ये अगदी सरळ आहे, म्हणूनच फसवं आहे. माणसाला दिवसाला एक जेवण लागतं. शिकाऱ्यांच्या झोपडीत १५ जण बसतात, संध्याकाळी बाहेर पडतात, सकाळी परत येतात आणि सुधारणा केलेल्या नसतील तर माणशी एक कच्चं अन्न आणतात. भटारखान्यात एका कच्च्या अन्नाची दोन जेवणं होतात. ‘सूप’ या कायद्यावर सही केली की अडीच. लोकांना पातळ जेवण आवडत नाही, थोडा असंतोष वाढतो, पण पहिल्या आठवड्यात तो परवडतो. मी चौथ्या दिवशीच सही करून टाकली होती.

म्हणजे सूपवर एक शिकारी अडीच माणसं जगवतो. त्यातलं एक तोंड त्याचं स्वतःचंच.

आठव्या-नवव्या दिवशी माझ्या शोधपथकांनी दोन टोळ्या शहरात धाडल्या. ३४ माणसं. लोकसंख्या ११४ झाली : ७२ कामगार, २० इंजिनिअर, २२ मुलं. मी लगेच तिसरी शिकारी झोपडी बांधली. ४५ शिकारी गुणिले अडीच, म्हणजे ११२ जेवणं. रोज दोन कमी, आणि शिल्लक १६०. असं ८० दिवस चाललं असतं. मी स्वतःवर खूश होतो.

बाकीची वाटणी अशी होती. कोळशाच्या खाणीत १०, लाकूड गिरणीत १०, पोलादावर ७. इंजिनिअरांचे निम्मे दोन दवाखान्यांत, निम्मे दोन कार्यशाळांत. मुलांना ‘सुरक्षित कामं’ लावणारा कायदा मी केला होता. पाच मुलं भटारखान्यात, दहा वेचणीच्या चौकीवर कोळसा गोळा करत. हा कायदा करताना गेम तुम्हाला काही बोलत नाही, फक्त एक चित्र दाखवतो. मी ते चित्र घाईने बंद केलं, हेही वहीत लिहून ठेवायला हवं होतं.

या वाटणीकडे आता पाहिलं की पहिली गोष्ट खटकते ती ही, की ७२ पैकी ४५ कामगार फक्त खाणं आणत होते. शहराचं काहीच पुढे सरकत नव्हतं. पण तो दोष या प्रकरणात दुय्यम आहे.

पारा उतरला

हवामानाची पट्टी गेम आधीच दाखवतो. तापमान पडणार हे मला दोन दिवस आधी दिसत होतं. दहाव्या दिवशी ते उणे ४० वर आलं. वहीतल्या पुढच्या नोंदी जशाच्या तशा :

दिवस १० : आजारी ८, कामावर शिकारी ४३, शिजवलेलं १५३.
दिवस ११ : आजारी १९, शिकारी ३८, शिजवलेलं १३४.
दिवस १२ : आजारी ३१, शिकारी ३१, शिजवलेलं ९७.

बाराव्या दिवसाची शेवटची नोंद पाहा. ९७ जेवणं शिल्लक. वरच्या पट्टीत तो आकडा लालही झालेला नव्हता. पण त्याच सकाळी शहरातली चौथाई माणसं अंथरुणावर होती आणि दवाखान्यांत मिळून खाटा होत्या दहा. उरलेले २१ जण आपापल्या तंबूत, त्याच थंडीत पडून, आणखी आजारी होत होते. अन्नाचा आकडा हा या साखळीतला सगळ्यात शेवटचा डबा आहे. तो हलतो तेव्हा इंजिन कधीच रुळावरून उतरलेलं असतं.

दुसरी फसवणूक इमारतीच्या खिडकीत होती. शिकारी झोपडीवर क्लिक केलं की १५ पैकी १५ जागा भरलेल्या दिसतात. आजारी पडलेला माणूस त्या जागेवरून निघत नाही; त्याच्या चित्रावर फक्त एक बारीक खूण येते. हजेरीपटावर नाव आहे, कामावर माणूस नाही. आणि तो जेवायला मात्र येतो. एक शिकारी आजारी पडला की शहराची अडीच जेवणं जातात आणि तोंड एकही कमी होत नाही.

मी काय केलं? जे कुणीही घाबरून करेल तेच. चौथी शिकारी झोपडी बांधली. त्यासाठी कोळशाच्या खाणीतले दहाही जण काढले, लाकूड गिरणीतले पाच काढले. कोळशाचा ढीग बरा दिसत होता, मुलं वेचणी करतच होती, दोन दिवस निघतील असं वाटलं. रोग म्हशीला आणि औषध पखालीला, याचं यापेक्षा नेटकं उदाहरण मला शोधून सापडणार नाही.

तेराव्या रात्री कोळसा संपत आला आणि मला जनरेटरची ताकद उतरवावी लागली. त्या एका रात्रीत आजाऱ्यांची संख्या ४४ झाली. हजेरीपटावर शिकारी ६०, कामावर ३६. म्हणजे १५ माणसं वाढवून मला आदल्या दिवसापेक्षा फक्त पाच शिकारी जास्त मिळाले, आणि त्यांच्या बदल्यात शहराची ऊब गेली. त्याच दिवशी भटारखान्यातल्या पाचपैकी तीन मुलं आजारी पडली. कच्चं अन्न येत होतं तेवढं शिजेना. ३६ आलं, त्यातलं २० शिजलं.

चौदाव्या दिवशी आजारी ५२. त्यातली नऊ मुलं, ४३ मोठे. ९२ प्रौढांपैकी कामावर ४९. दवाखान्यातल्या दहा इंजिनिअरांपैकी तीन स्वतःच आजारी होते, त्यामुळे खाटा असून उपचार सावकाश. पंधराव्या दिवशी सहा मृत्यू. असंतोषाचा लाल पट्टा वर चढत होता. मी खाणीत परत माणसं घातली, जास्त तासांची पाळी लावली, तो आणखी चढला. सकाळी आठ ते संध्याकाळी सहा ही नेहमीची वेळ जाऊन सहा ते आठ झाली, पण दहापैकी चार खाणकामगारच हजर असतील तर चौदा तास राबवून कोळसा येतो तो सहा माणसांइतकाही नाही. सोळाव्या दिवशी लोकांनी मुदत दिली आणि मी डाव सोडला.

एका शिकाऱ्यावर क्लिक

दुसऱ्या दिवशी मी नवव्या दिवसाचा सेव्ह उघडला, पण खेळलो नाही. पॉजवरच ठेवला आणि माणसं बघत बसलो. या गेममध्ये प्रत्येक माणसाला नाव आहे, घर आहे, कामाची जागा आहे. तिसऱ्या झोपडीतल्या एका शिकाऱ्यावर क्लिक केलं. काम : शिकारी. अवस्था : ठीक. घर : तंबू. तंबूवर क्लिक केलं. तापमान : थंड. हे उणे ४० येण्याच्या आधीचं. पारा वीस अंश उतरला की तोच तंबू दोन पायऱ्या खाली, गोठवणाऱ्या अवस्थेत जाणार हे उघड होतं.

मग उष्णतेचा नकाशा लावला. बारा तंबू होते. सात जनरेटरच्या उबेत, पाच त्या वर्तुळाच्या बाहेर. नवीन ३४ माणसं आली तेव्हा ‘बेघर’ ही खूण घालवायची म्हणून मी जागा मिळेल तिथे तंबू ठोकले होते, आणि जागा बाहेरच उरली होती. आतल्या दोन कड्यांमध्ये काय होतं? शिकाऱ्यांच्या तीन झोपड्या. एक कोठार. लाकूड गिरणी जिथे झाडं तिथेच लागते, ते समजू शकतो. पण शिकारी रात्रभर खड्ड्याच्या बाहेर असतात. त्यांच्या झोपडीला ऊब मिळाली काय, न मिळाली काय. शहरातली सगळ्यात उबदार जमीन मी अशा इमारतींना दिली होती ज्यांना तिचा काही उपयोग नव्हता, आणि त्या इमारतींत काम करणारी माणसं थंडीत झोपत होती.

उपासमारीचं कारण एवढंच. पाच तंबू, पन्नास अंथरुणं. दहाव्या ते चौदाव्या दिवसातले बहुतेक आजारी त्याच पाच तंबूंतून आले होते. भटारखान्यातली ती तीन मुलंही. सूप, शिकारी, कोठार यांपैकी कशातच चूक नव्हती.

दुसरा डाव

आठव्या दिवसाच्या सेव्हवरून पुन्हा सुरू केलं. पहिला निर्णय मनाविरुद्ध होता : आतल्या कड्यातल्या दोन्ही जुन्या शिकारी झोपड्या आळीपाळीने मोडून बाहेर हलवल्या. त्यात एका झोपडीची एक रात्रीची शिकार बुडाली. शिजवलेलं अन्न १६० ऐवजी १२५ वर आलं, आणि ते मी येऊ दिलं. त्या जागी पाच तंबू बसले. नवीन माणसं शहरात पोचली तेव्हा त्यांची अंथरुणं उबेत तयार होती. तिसरी झोपडी मात्र लगेच बांधली नाही. पहिल्या डावात तिला जे हात गेले त्यातले दहा मी दुसऱ्या कोळसा-यंत्रावर घातले. कार्यशाळेतले पाच इंजिनिअर काढून तिसरा दवाखाना उघडला. म्हणजे खाटा पंधरा. संशोधन हळू झालं, पण जे संशोधन चालू होतं ते शिकाऱ्यांच्या साधनांचं. पहिल्या डावात मी ते मागे ठेवून गिरणीच्या सुधारणा आधी घेतल्या होत्या.

पारा पडायच्या आदल्या दिवशी खाणीत एकदाच आपत्कालीन पाळी लावली. सलग चोवीस तास. असंतोष चढला, दोन दिवसांत उतरला. ही पाळी मी याआधी नेहमी संकट आल्यावर वापरायचो, तेव्हा निम्मी माणसं आजारी असतात आणि चोवीस तासांचा फायदा निम्माच मिळतो. धडधाकट दहा जणांकडून एक रात्र मागणं आणि आजाऱ्यांच्या गर्दीत उरलेल्या चौघांना पिळणं यांत असंतोषाचा खर्च जवळजवळ सारखा, मिळकत मात्र दुपटीहून जास्त. हे वाक्य लिहिताना मला थोडं कसंतरीच होतं, पण गेमने मला अशाच भाषेत विचार करायला लावलं, आणि त्याची ताकदही तीच आहे.

मुलांच्या बाबतीत यावेळी उलटा कायदा केला : बालनिवारा. भटारखान्याला पाच प्रौढ द्यावे लागले, ते शिकारीतून वजा. पुढे निवाऱ्यातल्या मुलांना दवाखान्यात शिकाऊ म्हणून मदतीला लावता येतं आणि उपचार लवकर होतात. मी हे दयेपोटी केलं असं म्हणणार नाही. पहिल्या डावात भटारखाना मुलांवर टाकून मी पाच प्रौढ वाचवले होते, आणि तेच पाच हात चौदाव्या दिवशी नव्हते म्हणून ३३ कच्चं अन्न तसंच पडून राहिलं.

सगळ्यात उलट वाटणारा निर्णय बाराव्या दिवसाचा. तेव्हा आजारी १३ होते आणि शिल्लक ७० जेवणांवर आली होती. आजाऱ्यांबाबत दोन कायदे समोर होते. एक, दवाखान्यात दाटी करून दुप्पट रुग्ण घ्यायचे, उपचार मंदावतात. दुसरा, उपचार घेणाऱ्यांना दुप्पट जेवण द्यायचं. ते लवकर बरे होतात. अन्न कमी असताना दुप्पट वाढायचं? मी हिशेब मांडला. १३ रुग्ण, म्हणजे रोज १३ जेवणं जास्त, म्हणजे सूपवर सहा शिकाऱ्यांची एका रात्रीची मेहनत सुद्धा नाही. त्यांतले पाच-सहा रुग्ण शिकारी होते. ते एक दिवस जरी लवकर उठले तरी खर्च निघतो. सही केली. पहिल्या डावात दुसऱ्याच दिवशी ४४ आजारी झाले होते. तेव्हा हा कायदा करून काही झालं नसतं : खाटा दहाच, आणि बाकीचे ३४ तंबूत. आजारी कमी असतानाच हा कायदा स्वस्त पडतो आणि तेव्हाच कामाला येतो, पण तेव्हा तो करावासा वाटत नाही.

चौदाव्या दिवसाची नोंद : आजारी ११, शिकारी ३८, शिजवलेलं ६४.

हा ६४ चा आकडा पहिल्या डावातल्या बाराव्या दिवसाच्या ९७ पेक्षा बराच कमी आहे. कुणी फक्त वरची पट्टी पाहिली असती तर दुसरा डाव जास्त धोक्यात आहे असंच म्हटलं असतं. पण ६४ स्थिर होते. शिकाऱ्यांच्या साधनांची सुधारणा पूर्ण झाल्यावर आणि तिसरी झोपडी अखेर बाराव्या दिवशी उभी राहिल्यावर रोजची तूट मिटली होती.

सगळं निस्तरलं असं नाही. दोन माणसं गंभीर आजारी झाली आणि त्यांच्यासाठी लागणारं मोठं रुग्णालय माझ्याकडे नव्हतं. त्याला स्टीम कोर हा दुर्मीळ यंत्रभाग लागतो आणि माझ्याकडे उरलेला एकुलता एक मी काचगृहात, म्हणजे अन्न पिकवायच्या इमारतीत, घातला होता. ती दोघं वाचली, पण अवयव गमावून. त्या निवडीबद्दल माझं मत अजून पक्कं नाही. काचगृहाला ऊब द्यावी लागते, म्हणजे तेही जनरेटरच्या वर्तुळातली जागा खातं, आणि त्याच जागेसाठी मी दोन झोपड्या मोडल्या होत्या. दुसरीकडे, मोहिमेच्या शेवटी येणाऱ्या महावादळात तापमान उणे १५० च्या आसपास जातं आणि शिकारी बाहेर पडूच शकत नाहीत. तेव्हा कोठारात आधीपासून साठलेलं अन्न तारून नेतं, आणि तो साठा करायचा तर शिकारीच्या पलीकडचं काहीतरी लागतंच.

अशी साखळी फक्त याच गेममध्ये आहे असंही नाही. २०१४ च्या बॅनिश्डमध्ये, जो एकट्या माणसाने बनवला होता, माझं एक गाव भरल्या शेतांच्या मध्ये उपाशी मेलं होतं : लोहाराकडे लोखंड संपलं, अवजारं संपली, तेवढ्याच माणसांकडून कापणी निम्मी होईना, बर्फ आधी आला. तिथेही मी आधी आणखी एक शेत आखलं होतं.

फ्रॉस्टपंकचा हा डाव सध्या एकविसाव्या दिवशी थांबलाय. शोधपथकाला आणखी एक टोळी सापडली आहे, त्यात आजारी बरेच, आणि ती दीड दिवसात पोचेल. शिजवलेलं अन्न २१२ आहे. उबेत रिकामी अंथरुणं किती आहेत ते मोजायला मी उष्णतेचा नकाशा लावला. सहा.